पहिली-दुसरीच्या वर्गात आठवडाभर काय चालतं? पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी घेते, तिसरी-चौथी सरांकडे. माझ्या वर्गात २३ पोरं, ११ पहिलीची आणि १२ दुसरीची, खोली एक, फळा एक, आणि फळ्याच्या मधोमध खडूची उभी रेघ. गेटवर, बाजारात, एसटीत, कुठंही भेटले की पालक तेच तेच विचारतात, आणि मी घाईत अर्धवट काहीतरी सांगून निघते. म्हणून एकदा सगळं बसून लिहून काढलंय. ज्यांना जे पाहिजे ते वाचा.

शाळा भरते कधी, सुटते कधी?

सोमवार ते शुक्रवार साडेदहा ते पाच, शनिवारी सकाळची. २०२४ पासून चौथीपर्यंतच्या शाळा ९ च्या आत भरवायच्या नाहीत असा नियम झालाय, त्यामुळे शनिवारीसुद्धा ९ लाच. काही आज्या अजून सात वाजता पोराला आंघोळ घालून गेटवर आणून बसवतात. नका हो, झोपू दे त्याला.

घरी आल्यावर विचारलं "आज काय शिकवलं" तर म्हणतो "काय नाय". मग दिवसभर तुम्ही करता काय?

हा प्रश्न नंबर एक. आणि पोरगं खोटं बोलत नाही, त्याला खरंच वाटतं काही शिकवलं नाही, कारण त्याच्या हिशेबात तो दिवसभर खेळला, बोलला, भांडला आणि खिचडी खाल्ली. सहा-सात वर्षांच्या मुलाला "मी आज दशक-एकक शिकलो" असं सांगता येत नाही, तुम्हाला आठवतंय का तुम्ही सायकल नेमकी कुठल्या दिवशी शिकलात?

तर एक साधा सोमवार सांगते. साडेदहाला परिपाठ. मग हजेरी, पण मी नावं पुकारत नाही, पोरं स्वतःच्या नावाचा पुठ्ठा शोधून दोरीवर अडकवतात आणि मग दुसरीतलं कुणीतरी मोजून सांगतं की २३ पैकी २० आले म्हणजे ३ नाही आले, कोण कोण नाही, का नाही. झालं, यात वाचनही आलं आणि वजाबाकीही. मग पहिली माझ्याजवळ सतरंजीवर आणि दुसरी जोड्या लावून वाचायला, एक वाचणार आणि दुसरा बोट ठेवून बघणार. अर्ध्या तासाने उलट, दुसरी माझ्याकडे आणि पहिली अक्षरकार्ड घेऊन शब्द जुळवायला. मग लघवी-पाण्याची सुट्टी. मग गणित. मग जेवण. जेवणानंतर पोरं पेंगतात म्हणून तेव्हा गोष्ट, गाणी, चित्र, कागदकाम. शेवटी मैदान. घंटेनुसार तास असं वेळापत्रक भिंतीवर लावलेलं आहे, पण खरं सांगायचं तर वाचनात पोरं रमली असतील तर मी घंटेकडे बघत नाही.

घरी विचारायचंच असेल तर "काय शिकवलं" ऐवजी "आज दोरीवर कुणाचं नाव नव्हतं?" किंवा "बाईंनी कुठली गोष्ट सांगितली, शेवटी काय झालं तिच्यात?" असं विचारून बघा. गेल्या वर्षी एका बाबांनी हे करून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, बाई, तासभर बोलत होतं, जेवण थंड झालं माझं.

परिपाठात एवढा वेळ का घालवता? त्या वेळात दोन पाढे झाले असते.

पाढे पण होतात त्यातच. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बातमी, गोष्ट, हे सगळं पोरं स्वतः पुढं येऊन म्हणतात. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे २०२३ साली राज्यगीत झालं तेव्हापासून तर रोजचं आहे आणि पोरांचं सगळ्यात आवडतं तेच.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती बातमी. पेपरातली नको म्हणते मी, आपल्या वाडीतली सांगा. मग "आमची म्हैस व्याली, रेडकू झालं" अशी बातमी येते, कुणी विचारतं कधी व्याली, कुणी विचारतं चीक आणणार का. जे पोरगं जूनमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं ते दिवाळीपर्यंत साठ पोरांसमोर म्हशीचं बाळंतपण सांगतं. आता याला तुम्ही वेळ घालवणं म्हणणार असाल तर माझ्याकडे उत्तर नाही.

वही कोरी का? शेजारच्या इंग्लिश मीडियमच्या पोराची वही बघा, भरलेली असते.

बघितलीय मी. चार पानं एकच वाक्य फळ्यावरून उतरवलेलं, सुंदर अक्षर, लाल बरोबरची खूण आणि खाली स्टार. त्याच पोराला मधलाच एखादा शब्द बोट ठेवून विचारा हा कुठला शब्द. विचारून बघाच.

उतरवून घेणं हे हाताचं काम आहे, त्यात डोकं लागत नाही. आमच्याकडे वहीत कमी असतं कारण बरंच लिखाण पाटीवर, फरशीवर खडूने, वाळूत बोटाने आणि कागदाच्या चिटोऱ्यांवर होतं, आणि ते पुसलं जातं. पाटीचा फायदाच तो आहे, चुकलं की हाताने पुसलं, संपलं. वहीत खोडरबराने कागद फाटतो आणि पोर रडतं. पण आठवड्यातून एक पान मात्र वहीत नक्की असतं, गुरुवारचं, "माझ्या मनातलं" म्हणून. तारीख घालून जे वाटेल ते लिहायचं, एक ओळ लिहिली तरी चालेल आणि नुसतं चित्र काढून खाली नाव लिहिलं तरी चालेल. तुम्हाला प्रगती बघायचीच असेल तर जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी शेजारी धरा.

त्या गुरुवारच्या पानावर इतक्या चुका असतात, तुम्ही लाल पेनने सुधारत का नाही?

मुद्दाम सुधारत नाही. एक नमुना देते, दुसरीतल्या मुलाने ऑगस्टमध्ये लिहिलेला, जसाच्या तसा: "काल लय पावस आला मनून आमची कोंबडी पान्यात पडली मी काडली". आता यात ऱ्हस्व-दीर्घ सोडा, काना-मात्रा, ण-न, सगळंच आहे. पण बघा ना, काल काय झालं, का झालं, मग मी काय केलं, पूर्ण गोष्ट आहे. यावर मी आठ लाल गोल केले असते तर पुढच्या गुरुवारी त्याने "माझे नाव अमुक आहे, मी दुसरीत शिकतो" असं बिनचुकीचं आणि बिनकामाचं लिहिलं असतं.

मग चुका जातात कशा? त्याचं वाक्य मी त्याच्याखाली माझ्या अक्षरात नीट लिहून देते आणि तो वाचतो. आणि पाच-सहा वह्यांत तीच चूक दिसली, म्हणजे समजा सगळेच "पाणी"चा "पानी" करतायत, की सोमवारी तो आख्ख्या वर्गाचा धडा होतो, ण च्या शब्दांची शिकार. गोणी, चटणी, लोणी, पोरं घरून शोधून आणतात. "मनून" हा मात्र चुकीचा शब्द नाही, तो घरचा आहे, तो मी त्याच्याकडून काढून घेणार नाही. पुस्तकातला "म्हणून" त्याच्या शेजारी येऊन बसेल.

माझी मुलगी क, ख, ग ओळीने म्हणत नाही. पहिली संपत आली.

ओळीने म्हणता येणं आणि वाचता येणं यांचा फारसा संबंध नाही. आपण सगळे "क कमळाचा" करत शिकलो, मान्य आहे, पण ङ आणि ञ येईपर्यंत आपल्याला एक धड शब्द वाचता येत नव्हता हे विसरलो. आता अक्षरं गटाने घेतो. समजा म, क, र, न आणि काना एवढंच आलं की लगेच कर, मका, काका, मामा, नाक, कान, मान, राम, काम, करा असं बरंच काही वाचता येतं, आणि वाचता आलं की पोरांना जी झिंग चढते ती बघण्यासारखी असते. सप्टेंबरमध्ये एक मुलगी घरी जाताना किराणा दुकानासमोर थांबून "का-रा" करत बसली, दुकानदार म्हणाला काय पाहिजे गं, ती म्हणाली काय नाय, वाचतेय. "किराणा" अख्खं नव्हतं जमलं अजून. पण थांबली ना ती!

बाराखडीचा तक्ता भिंतीवर आहे, ओळ पण येईल, शब्दकोश बघायची वेळ येईल तेव्हा लागेलच ती. घरी घाई करू नका. जोडाक्षरं दुसरीत, रफार त्याच्यानंतर, आणि "सूर्य" आणि "सुऱ्या" मधला फरक कधी येतो ते मला विचारू नका, मोठ्यांनाही येत नाही.

"सत्तावन्न" का "पन्नास सात"? नेमकं काय शिकवताय?

हा वाद जुना आहे, म्हणजे २०१९ चा. बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची नवी पद्धत दिली, वीस एक, सत्तर दोन अशी, आणि टीव्हीवर, विधानसभेत, व्हॉट्सअॅपवर सगळीकडे आरडाओरडा झाला. "आमची मराठी बुडवली" इथपर्यंत गेलं. तेव्हा गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या, आणि जुने शब्द काढून टाकलेत असं नव्हतंच, दोन्ही होते.

आता वर्गातली अडचण काय ते सांगते. मी म्हटलं "त्रेसष्ट" की पोराच्या कानावर आधी तीन पडतात मग साठ. तो ऐकतो त्याच क्रमाने लिहितो, ३६. तो चुकला असं मला वाटत नाही, कान बरोबर आहेत त्याचे. मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो. कानडी, तेलुगूत दशक आधी बोलतात, इंग्रजीतही वीसच्या पुढे तसंच. त्यात आपल्याकडे एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर, म्हणजे ६९ म्हणताना तोंडात सत्तर असतं आणि लिहायचं सहा-नऊ. ८९ ला एकोणनव्वद म्हणायचं पण ९९ ला एकोणशंभर नाही म्हणायचं, तिथं नव्व्याण्णव. का? माहीत असलेल्याने पोरांना समजावून दाखवावं, मी चहा पाजेन.

म्हणून मी दोन्ही वापरते. आधी काड्यांचे सहा गठ्ठे आणि तीन सुट्या हातात, तेव्हा "साठ तीन". हात आणि कान जुळले की मग "याचंच नाव त्रेसष्ट". दोन-तीन महिन्यांत "साठ तीन" आपोआप गळून पडतं, पोरांना मोठ्यांसारखं बोलायचं असतंच. घरी आजोबा त्रेसष्ट म्हणतील तर म्हणू द्या, पण पोरगं "साठ तीन" म्हणालं तर हसू नका एवढंच.

चिंचोके, आगकाड्या, बाटल्यांची झाकणं कशाला मागवता सारखी?

शाळेत गणित पेटी आहे, तिच्यात मणी आहेत, दशकाचे दांडे आहेत, ते वापरतोच. पण दांडा हा आधीच चिकटलेला असतो, तो मोडता येत नाही. काड्यांचा गठ्ठा पोरं स्वतः दहा मोजून रबर लावून बांधतात आणि स्वतः सोडतात, त्यात सगळी गंमत आहे.

गेल्या महिन्यातलं सांगते. ३२ वजा १७ चाललं होतं. समोर तीन गठ्ठे, दोन सुट्या काड्या. सात द्यायच्या तर दोनच आहेत. मी काही बोलले नाही, हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड जातं. एक पोरगं बराच वेळ काड्यांकडे बघत बसलं, आणि मग अगदी एसटीतल्या कंडक्टरच्या सुरात म्हणालं, "बाई, सुट्टे नाहीत." वर्गात हशा. शेजारची म्हणाली, "मग मोड की नोट!" आणि त्याने गठ्ठ्याचं रबर काढलं, बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, मग एक गठ्ठा दिला. उरले पंधरा. हातचा घेणे म्हणजे काय हे मला त्या दिवशी शिकवावं लागलं नाही, आणि आता वर्गात त्याला हातचा कुणी म्हणतच नाही, "नोट मोडली" म्हणतात. तुम्ही घरी वजाबाकी घेताना पोराने असं म्हटलं तर घाबरू नका. आगपेटीतल्या नवीन काड्या पाठवू नका मात्र, गुल नसलेल्या किंवा खराट्याच्या तोडून पाठवा.

पहिली आणि दुसरी एकत्र म्हणजे दोघांचंही नुकसानच ना?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असला की दोन शिक्षक. चार वर्ग, दोन माणसं, म्हणजे एकत्र बसवावंच लागतं. मला चार शिक्षक आवडले नसते का? आवडले असते. पण तोटाच आहे असंही म्हणणार नाही. दुसरीचे पाढे ऐकून ऐकून पहिलीच्या चार जणांना पाचाचा पाढा न शिकवता पाठ आहे. आणि दुसरीतलं जे पोर वाचनात मागं आहे, ते लाज न वाटता पहिलीच्या गटात जाऊन "शिकवायला" बसतं आणि तिथं स्वतः शिकतं. स्वतंत्र वर्गात त्याला सगळ्यांनी ढ म्हटलं असतं.

खरी ओढाताण होते ती दिवाळीनंतर. ऊसतोडीची टोळी येते, बीडकडची पोरं मधूनच वर्गात येऊन बसतात, कुणाला अक्षरओळख नाही आणि कुणी आपल्यापेक्षा पुढे, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की एक दिवस अचानक जातात, दोरीवरचा पुठ्ठा तसाच राहतो. दाखला नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाही, कायद्यानेच पाठवता येत नाही. कुणीतरी मला विचारलं होतं की त्यांच्यामुळे आमची मागं पडतात का. नाही पडत. उलट मागच्या वर्षी त्यातल्या एका मुलीने उसाच्या मोळ्या मोजून आख्ख्या वर्गाला वीस-वीसने मोजायला शिकवलं.

खिचडी रोज असते का? डबा द्यायचा का?

रोज शिजवलेलं जेवण असतं, प्रकार बदलतात, कधी मटकी, कधी मूग, वाटाणा, वरणभात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हे सरकारी प्रमाण आहे. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल, आपल्या वेळी महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, तो घरात सगळ्यांच्या पोटात जायचा. आता जे पोराचं ते पोराच्याच ताटात.

वाढायच्या आधी आम्ही शिक्षक चव घेतो आणि चव रजिस्टरला तसं लिहितो. मीठ जास्त झालं की तेही लिहितो, मावशींना राग येतो. तुम्हीही येऊन चव घेऊ शकता, फक्त येताना "सहज आलो होतो" असा चेहरा करू नका, आलात तर बसून जेवाच.

डबा द्या, पण चपाती-भाजीचा. कुरकुरे आणि पाच रुपयांचं पाकीट नको, एकाच्या हातात पाकीट आलं की बावीस जण खिचडी टाकतात.

गृहपाठ का देत नाही?

२०२० च्या दप्तर धोरणात स्पष्ट आहे की दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. म्हणजे आळस नाही हा माझा. तरी तुमचा जीव राहत नसेल तर पोराकडून कॅलेंडरवरची आजची तारीख आणि वार वाचून घ्या, दुकानात पाठवून सुट्टे परत आणायला सांगा, आणि झोपताना एक गोष्ट सांगा. "आम्ही शिकलेलो नाही, आम्ही काय करणार" असं बऱ्याच आया म्हणतात. अहो गोष्ट सांगायला वाचता यावं लागतं कुठं? पोराला सांगा तू वाच, मी भाकरी करता करता ऐकते. ऐकणारं माणूस मिळालं की पोर वाचतं. चुकलं तर चुकू द्या, तुम्हाला वाचता येत नाही म्हणजे तुम्ही टोकणारही नाही, हा तर फायदाच!

दप्तरात काय पाठवायचं?

पाटी, एक वही, पेन्सिल, पाण्याची बाटली. पुस्तकं वर्गात कपाटात राहतात. पेन नको. पंधरा रंगांचा कंपास नको, त्याच्यावरून रडारड होते.

पेन्सिल रोज हरवते. वर्गात चोऱ्या होतात का?

होतात. या वयात "हे मला आवडलं" आणि "हे माझं आहे" यातलं अंतर फार थोडं असतं. मी झडती घेत नाही. खिडकीत एक डबा ठेवलाय, "सापडलेल्या वस्तू" असं लिहून, आणि संध्याकाळपर्यंत पेन्सिल त्यात येऊन पडलेली असते, कुणी टाकली ते कुणी विचारायचं नाही. दहात आठ वेळा तरी मिळते. उरलेल्या दोन वेळा तुम्ही नवीन द्या आणि विषय सोडा.

"बाई, ऐकत नसेल तर दोन ठेवून द्या, आमची हरकत नाही."

हा प्रश्न नाहीच, तरी रोज ऐकते म्हणून घेतलाय. तुमची हरकत नसली तरी कायद्याची आहे, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी आहे. आणि कायदा राहू द्या बाजूला, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला पट्टी मारली होती, पाढा येत नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी पाढा आला त्याला. पण वर्षभर तो माझ्याजवळ आला की खांदे आत ओढून घ्यायचा. अजून आठवतात ते खांदे.

परीक्षा कधी? आमचा नंबर कितवा?

नंबर नसतो. दोन सत्रं, दिवाळीआधी एक आणि नंतर एक. दुसरीपर्यंत प्रत्येक विषयाला १०० पैकी ७० आकारिक आणि ३० संकलित. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटी तोंडी-लेखी होतं ते, ज्याला तुम्ही परीक्षा म्हणता. आकारिक म्हणजे वर्षभर चालतं ते, निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, चाचणी. तिसरी-चौथीला हे ६० आणि ४० होतं, पुढं लेखीचा भाग वाढत जातो.

म्हणजे तुमचं पोरगं म्हशीची बातमी सांगत असतं तेव्हा त्याची परीक्षा चालू असते आणि त्याला पत्ता नसतो, हे मला फार आवडतं. मी रोज तीन-चार पोरांच्या नोंदी लिहिते, "जोडीदाराला न सांगता मदत केली", "३० च्या पुढे मोजताना अडखळतो", "गोष्टीचा शेवट बदलून सांगितला" अशा. निकाल १ मे ला मिळतो, झेंडावंदनानंतर. तेव्हा श्रेणी आधी बघू नका, उजवीकडच्या नोंदी वाचा, त्या लिहायला माझा पूर्ण एप्रिल जातो.

नापासाचं म्हणाल तर चौथीपर्यंत कुणाला मागं ठेवत नाही. पाचवी आणि आठवीला मात्र २०२३ पासून वार्षिक परीक्षा परत आलीय, आणि तिथं फेरपरीक्षेतही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं.

इंग्रजी येणार का पोराला?

२००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. आमच्याकडे पहिलं वर्ष नुसतं ऐकणं-बोलणं, गाणी, सूचना. "ओपन द विंडो" म्हटलं की आठ जण खिडकीकडे पळतात. आधी मराठी पक्की वाचता आली की इंग्रजी वाचायला सोपं जातं हे मी प्रत्येक वर्षी बघते. हिंदीचं विचारत असाल तर पहिलीपासून हिंदीचे जे जीआर निघाले होते ते २०२५ च्या जून अखेर सरकारने मागे घेतले.

शनिवारी दप्तर नाही, मग शाळा कशाला?

आनंददायी शनिवार, २०२४ पासून पहिली ते आठवीला. सकाळी योगासनं, मग काहीतरी हाताने करायचं. आत्तापर्यंत आम्ही मातीची भांडी केली, ओढ्याकाठी जाऊन पानं गोळा केली, एकदा पोस्टमनकाकांना बोलावलं, एकदा बाजाराचा खेळ मांडला, आणि एकदा एका आजीने येऊन जात्यावरच्या ओव्या म्हटल्या तर पोरं पूर्ण वेळ जात्याभोवती. ज्वारीपेक्षा पीठ जास्त का दिसतं यावर भांडण लागलं ते सोमवारपर्यंत चाललं.

बाई कधी कधी वर्गात नसतात, कुठं असतात?

बरोबर पकडलंत. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद, प्रशिक्षण, निवडणुकीची कामं, आणि ऑनलाइन माहिती भरणं, जी नेटवर्क नसल्याने शाळेमागच्या टेकाडावर जाऊन भरावी लागते. मला हे आवडत नाही आणि तुम्हाला आवडू नये हेही बरोबरच आहे. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत या, तिथं तीन चतुर्थांश जागा पालकांच्याच असतात आणि निम्म्या बायकांसाठी, आणि मीटिंगला चौघंच येतात, त्यातले दोघं सहीपुरते. तिथं हा विषय काढा, लेखी ठराव करा, मी वाचून दाखवीन.

पुढच्या आठवड्यासाठी काही पाठवायचंय का?

हो. सोमवारी ण असलेले पाच शब्द, लिहून नाही, तोंडी. आणि प्रत्येकाने पन्नास चिंचोके, धुऊन वाळवलेले. मागच्या वेळी एकाने भाजलेले पाठवले होते, गणिताचा तास व्हायच्या आधीच संपले.